माळेनंतरचं गप्प बसणं

ऑक्टोबर आला की मला मळमळायला लागतं. माता मरियेचा महिना आहे, असं बोलू नये हे मला कळतं, पण होतं ते होतं. महिनाभर रोज संध्याकाळी आमच्या वस्तीत माळ असते. मातेची मूर्ती आज या घरी, उद्या त्या घरी. जिथं मूर्ती, तिथं सगळी वस्ती जमते, पवित्र माळ म्हणते, गाणी म्हणते, चहा पिते, चिवडा खाते आणि घरी जाते. ऐकायला किती छान वाटतं. मला मळमळतं ते माळेमुळं नाही, माळ संपल्यावरच्या विनंत्यांमुळं.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांना सांगते. माळ संपली की ज्याला देवाकडं काही मागायचं आहे तो मोठ्यानं मागतो, आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." पाऊस माग, पोरांची परीक्षा माग, आजाऱ्याला बरं करायला सांग. दुसरीकडं असंच चालत असेल. आमच्या वस्तीत कसं चालतं ते बघा.

"हे प्रभो, ज्या बहिणी दुसऱ्याच्या बागेतली मोसंबी पदरात घालून नेतात, त्यांना चांगली बुद्धी दे."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

की लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून, डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, "हे प्रभो, ज्यांच्या जिभेला हाड न्हाई अशा आमच्या शेजाऱ्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

नाव कुणाचं घ्यायचं नाही. नाव घेतलं तर भांडण होईल. नाव नाही म्हटल्यावर भांडायला जायचं कुठं? प्रार्थनेशी कोण भांडतं? तोंडावर हसायचं, चहा घ्यायचा आणि उद्याच्या विनंतीत हिशेब चुकता करायचा. एवढी वर्षं मी हे ऐकते आहे आणि एवढी वर्षं मला याची शिसारी आहे.

त्यात मागच्या निवडणुकीत एका पुढाऱ्यानं आम्हाला चाकावरचा स्पीकर दिला, माईकसकट. मूठभर घरांची वस्ती, एका हाकेत सगळे गोळा होतात, आणि आम्हाला स्पीकर. आता आमच्या विनंत्या कालव्यापर्यंत ऐकू जातात. तीर्थपुरीच्या रस्त्यावर टपरीपाशी बसलेले गावातले लोक माळेची वाट बघतात. दुसऱ्या दिवशी बाजारात मला विचारतात, "काय साखराबाई, मोसंबी कुणी नेल्ती म्हणं?"

माईक माझ्या हातात असतो, कारण माळ मी सांगते; विनंत्यांच्या वेळी तो ज्याच्या त्याच्या तोंडापुढं धरते. मिशनच्या बालवाडीत पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालेला आहे. बाप्तिस्म्याचं नाव सिसिलिया, ते दाखल्यापुरतं. हाक मारायचं नाव साखराबाई. नाव असं आणि तोंड कडुलिंबाचं, असं माझा नवरा जिवंत असताना म्हणायचा, आणि ते खोटं नाही.

या ऑक्टोबरात विनंत्यांना एकच विषय होता. गिरिजाबाई.

गिरिजाबाई नात्यानं माझी चुलत सासू. तिला दोन मुलं, दोन सुना. थोरली मार्था, धाकटी संध्या. म्हातारी एक महिना एकीकडं, एक महिना दुसरीकडं, अशी पाळी ठरलेली. उन्हाळ्यात म्हातारी न्हाणीत पडली, तिचं कमरेचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. तेव्हापासून पाळीचा घोळ सुरू झाला. मार्था म्हणे आता संध्याची पाळी. संध्या म्हणे मार्थानं आधीची पाळी अर्धवट टाकली, ती पुरी झाल्याशिवाय मी नेणार नाही. म्हातारी राहिली मार्थाच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. मग कापसाची पहिली वेचणी आली. कापूस ओला होऊन चालत नाही. कापूस खोलीत गेला आणि म्हातारी मागच्या बाजूला शेळ्यांच्या छपरात.

हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. कसं माहीत होतं? स्पीकरवरून.

"हे प्रभो, पाळी आली की ज्या सुना माहेर गाठतात त्यांना पश्चात्ताप होऊ दे," असं मार्था मागायची.

"हे प्रभो, ज्या घरात कापसाला जागा हाय पण आईला जागा न्हाई, त्या घरावर दया कर," असं संध्या मागायची.

आणि आम्ही सगळे दोघींच्याही मागं म्हणायचो, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मीही म्हणायचे, माईकवर, सगळ्यांत मोठ्यानं.

माझी सून दीपमाला ही या वस्तीतली नाही. तिचं माहेर अंबडचं, बौद्ध घराण्यातली. माझा मुलगा अमोल जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे, तिथंच कुठं त्यांची ओळख झाली आणि मे महिन्यात लग्न झालं. बिशपसाहेबांची परवानगी घेऊन चर्चमध्ये झालं. ती आपल्या माहेरच्या धर्माच्या वाटेनं आहे, आमच्या माळेलाही येते, मी काही म्हणत नाही. अमोल आठवडाभर तिकडं खोली करून राहतो आणि शनिवारी गाडीवर येतो. म्हणजे घरात आम्ही दोघी. मला सारखं बोलायला लागतं, तिला बोलायची गरजच नाही असं मला वाटायचं. गप्प पोरगी.

माळेच्या पहिल्या संध्याकाळी ती मागं बसली होती. नमो मरियेची प्रार्थना तिला अजून अर्धीच येते, पण "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" हे सोपं आहे, ते तिनं पाठ केलेलं. सगळ्यांपेक्षा स्वच्छ म्हणते. घरी आल्यावर चप्पल काढता काढता मला विचारते, "आत्याबाई, ती म्हातारी कोण हाय?"

"कोणती?"

"मार्थाकाकू म्हणल्या ना, जी म्हातारी उपाशी झोपती तिच्यासाठी. आपण सगळे म्हणलो ना."

"अगं, ते संध्याला मारलेलं होतं."

"काय मारलेलं?"

"टोमणा गं. गिरिजाबाईची पाळी संध्याची हाय, असं म्हणायचं होतं तिला."

"पण म्हातारी खरीच हाय ना?"

"हाय की."

"आणि उपाशी हाय?"

"असंल. मला काय माहीत."

"मंग आता कोण जाणार?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "कुणी जायचं न्हाई," मी म्हणाले, "प्रार्थना केली ना सगळ्यांनी. झालं मंग. भात टाक जल्दी."

तिनं भात टाकला. पण मला तिचा राग आला. आमच्यात नवीन आलेली माणसं सगळं शब्दशः घेतात आणि मग आम्ही उघडे पडतो.

त्याच आठवड्यात फादर लिओ मिस्सासाठी, म्हणजे आमच्या उपासनेसाठी, आले. वसईकडचे आहेत, वर्षभरापूर्वी इकडं बदलून आले. ते आदल्या संध्याकाळीच आले आणि माळेला मागं दाराजवळ बसले. त्या दिवशी सगळ्यांच्या विनंत्या एकदम गोड. जगात शांती नांदो, पोपमहाराजांना आरोग्य लाभो. माणूस किती लवकर बदलतो ते बघून मला ओकारी येते. पण मार्थाला राहवलं नाही, तिनं शेवटी एक सुईसारखी विनंती टोचलीच, आणि संध्यानंही परतफेड केली.

चहा पिताना फादर मला म्हणाले, "साखराबाई, तुम्ही लोक देवाला किती वेळ ऐक, ऐक म्हणता. त्याला बोलायला जागा कधी देता?"

मी म्हणाले, "फादर, तो बोलला असता तर आम्ही काय कानावर हात ठेवून बसलो असतो?"

ते हसले. "उद्यापासून विनंत्या झाल्या की पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. मग गाणं. तुम्ही माईकवाल्या, तुम्हीच गाणं सुरू करा."

"आणि त्या पाच मिनिटांत काय ऐकायचं? आवाज येणार हाय का वरून?"

"आवाज येईल असं धरून बसू नका. कुणाला असं ऐकू आलं, तसं दिसलं, तर त्याला माझ्याकडं पाठवू नका, मला वेळ नाही." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गप्प बसलं की काहीतरी कानावर येतं. त्यातलं जे ऐकू नये असं वाटतं ना, ते हाकलून लावू नका. तिथून सुरुवात करा. मीही तेच शिकतो आहे अजून."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, वसईच्या हिरव्या बागेत बसून हे ठीक आहे. इथं आमच्यात बसून ऐका म्हणजे कळेल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गप्प बसायला लागलो. काय ते गप्प बसणं! डास मारल्याचे फटके. कुणाचा तरी मोबाईल, त्यावर लावणी. भजी खाऊन आलेल्या कुणाचं पोट. मी डोळे मिटून बसायचे आणि माझ्या कानात माझंच चालायचं: उद्या दळण आहे, चिवड्याचे पोहे जाड घ्यायचे की पातळ, मार्थाची साडी नवीन दिसते. देव काही बोलला नाही. मलाही घाई नव्हती. अंदाजानं वेळ झाली की मी गाणं उचलायचे.

मग मूर्ती मार्थाच्या घरी आली.

तिच्या घरी बसायला चांगली ओसरी आहे. खोलीच्या दारातून कापूस दिसत होता, छतापर्यंत. मागच्या अंगाला शेळ्यांचं छप्पर. वारा तिकडून आला की वास यायचा. शेळ्यांचा वास मला नवा नाही, मी त्यातच वाढले. हा वास शेळ्यांचा नव्हता. सगळ्यांना आला. बायांनी पदर नाकाला लावले, डोळे मिटले आणि माळ म्हटली. मीही पदराआडूनच माळ सांगितली. त्या दिवशी दुःखाची रहस्यं होती, प्रभूला कसं फटके मारले ते आम्ही अगदी गळा भरून सांगितलं.

विनंत्या झाल्या. मार्थानं आपल्याच घरात असल्यामुळं जोरात मागितलं. संध्यानं त्याहून जोरात. मग गप्प.

आणि त्या गप्प बसण्यात मागून आवाज आला. टक. टक टक. दगडावर पेला आपटल्यासारखा. थांबला. पुन्हा, टक टक.

सगळ्यांना ऐकू आला. मी डोळे किलकिले करून बघितलं, सगळ्यांचे डोळे जरा जास्तच घट्ट मिटलेले. मार्थाचा नवरा खाली मान घालून अंगठ्याचं नख कुरतडत होता. त्याची आई पेला आपटत होती आणि तो नख कुरतडत होता. मला इतकी किळस आली की काय सांगू. आणि मी काय केलं? वेळ व्हायच्या आत गाणं सुरू केलं. माईक तोंडाजवळ धरून, आवाज चढवून. सगळ्यांनी सुटल्यासारखं माझ्या मागं म्हटलं. पेला ऐकू येईनासा झाला.

दीपमाला मात्र गाणं चालू असताना उठली आणि मागं निघून गेली.

गाणं संपवून मी तिच्या मागं गेले. छपरात बल्ब नव्हता, तिनं मोबाईलची बत्ती लावलेली. गिरिजाबाई पोत्यावर पडली होती, खाली खताच्या गोणीचं प्लास्टिक. तिच्या उशाला एक शेळी रवंथ करत बसलेली. दीपमालानं तिला कुशीवर वळवलेलं होतं आणि मला कमरेवरची जखम दिसली. तळहाताएवढी. तिच्यात काहीतरी वळवळत होतं. मी तोंड फिरवलं.

"आत्याबाई, गरम पाणी आणा ना," दीपमाला म्हणाली.

मागून मार्था चहाचा ट्रे घेऊनच आली. "काय चाललंय इथं? कुणी बोलावलं तुम्हाला? पाळी संध्याची हाय, मी एवढे दिवस करून राह्यले तेच उपकार हायेत."

"बिलकुल न्हाई," अंगणातून संध्या ओरडली, "आधी तिची पुरी होऊ दे. मी तयारच हाय न्यायला."

दोघींच्या मध्ये ती म्हातारी आणि तिच्या अंगावर माश्या. मला मार्थाची किळस आली, संध्याची आली, त्या वासाची आली, ट्रेमधल्या चहावर आलेल्या सायीचीसुद्धा आली. मी दीपमालाचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं. रस्त्यात म्हणाले, "उद्या फादरला फोन करू. ते बघतील."

ती म्हणाली, "तोवर प्रार्थना करायची का, आत्याबाई?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं. पण तिला टोमणे मारता येत नाहीत. ती खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी मूर्ती माझ्या घरी यायची होती. मी सकाळीच तीर्थपुरीला गेले, पोहे, शेंगदाणे, मेणबत्त्या, झेंडूची फुलं घेतली. निघायच्या आधी पुढच्या खोलीत पलंगावर पांढरी चादर घालून ठेवली होती, मातेसाठी. फादरला फोन करायचं राहून गेलं.

परत आले तर त्या पांढऱ्या चादरीवर गिरिजाबाई.

पाण्याचे जार आणायच्या हातगाड्यावर घालून दीपमालानं तिला आणलं होतं. मार्था दारात उभी राहून म्हणाली होती म्हणे, "ने, खुशाल ने, आणि परत आणू नको." दीपमालानं तिला आंघोळ घातली होती, आरोग्य केंद्रातली नर्सबाई येऊन जखम धुऊन पट्टी बांधून गेली होती. खोलीत डेटॉलचा वास, आणि त्याच्या खालून तो वास.

मी पिशवी आपटली. "अगं, संध्याकाळी मूर्ती येणार! सगळी वस्ती येणार! मातेला ठेवू कुठं?"

"शिलाई मशीनवर ठेवू," ती म्हणाली. "मातेला उभं राहता येतं की. यांना न्हाई येत."

मी जास्तच ओरडले. माझं घर आहे, मला विचारायला नको होतं का? दोन सख्ख्या सुना जिवंत असताना मी कोण हिची? आज ठेवली की ती आपल्याच गळ्यात पडली. मार्था आणि संध्या दोघी मोकळ्या, आणि मी या वयात गू-मूत काढत बसू? हे सगळं मी म्हातारीच्या समोर बोलले. ती डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती.

दीपमालानं सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय, घर तुमचं हाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठं नेऊन ठेवू. शेळ्यांत नेऊ का?"

शेळ्यांत ने, असं तोंडानं म्हणायला मला जड गेलं. मी म्हणाले, "माळ होईपर्यंत राहू दे. माळ झाली की मार्थाच्या ओसरीत नेऊन ठेवायची. मंग त्यांचं ते बघतील."

"ओसरीतून त्या परत छपरात टाकतील."

"टाकू दे. माझा शब्द शेवटचा."

दिवसभर मी तिच्याजवळ गेले नाही. तोंडात लवंग धरली, उदबत्तीचा पुडा संपवला. दीपमाला तिला चमच्यानं पेज भरवत होती, ती गिळताना घशात जो आवाज व्हायचा तो ऐकून माझ्या अंगावर शहारे यायचे. हातातल्या पेल्याला म्हातारी सोडायला तयार नव्हती, आंघोळ घालतानाही तिनं तो धरून ठेवला होता म्हणे.

संध्याकाळी वाजतगाजत मूर्ती आली. मशीनवर टॉवेल घालून मातेला उभं केलं. लोक दारात आले आणि थबकले. बहुतेकजण अंगणातच बसले, वारा सुटलाय म्हणून सांगत. मार्था आणि संध्या मात्र आत येऊन सगळ्यांत पुढं बसल्या, पलंगापासून हातभर अंतरावर, चांगल्या साड्या नेसून. पलंगाकडं दोघींनीही बघितलं नाही.

माळ झाली. विनंत्या सुरू झाल्या.

मार्था म्हणाली, "हे प्रभो, जे लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून आमची इज्जत रस्त्यावर आणतात, त्यांना माफ कर."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

संध्या म्हणाली, "हे प्रभो, बाहेरून आलेल्या आमच्या सुनांना आमच्या चालीरीती कळू दे."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

उभ्या जन्मात या दोघी पहिल्यांदाच एका बाजूनं बोलल्या. आणि सगळ्यांच्या आवाजात मला माझ्या सुनेचा आवाज वेगळा ऐकू आला, स्वच्छ, मनापासून. मी तिच्याकडं बघितलं. टोमणा तिला कळला होता. डोळे भरलेले होते. तरीही ती मागत होती, की आमच्या चालीरीती तिला कळू देत. आमच्या या असल्या चालीरीती. मला आमच्या सगळ्यांचीच शिसारी आली, मूर्तीपुढच्या झेंडूच्या फुलांपासून माझ्या तोंडातल्या लवंगेपर्यंत.

मग सगळे गप्प बसले.

गिरिजाबाईनं पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. टक टक. मग तिचे ओठ हलले. ती काहीतरी पुटपुटत होती, अंगणापर्यंत जाणार नाही असं. माझ्या घशात गाण्याची पहिली ओळ तयार होती. म्हटली असती की सगळं झाकलं गेलं असतं, कालच्यासारखं. फादरचं बोलणं आठवलं. जे ऐकू नये असं वाटतं ते. मला त्या खोलीत एकच गोष्ट ऐकायची नव्हती आणि ती कोणती हे मला चांगलं माहीत होतं.

मी गाणं गिळलं, पलंगाकडं वाकले आणि माईक म्हातारीच्या तोंडाशी धरला.

"पाणी दे गं," स्पीकरमधून आवाज आला. खोलीत, अंगणात, कालव्यापर्यंत.

आणि डोळे मिटून बसलेली सगळी वस्ती एका सुरात म्हणाली, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

सवय. दुसरं काही नाही. स्पीकरवर कुणी काही मागितलं की आम्ही हेच म्हणतो.

"पाणी दे गं माय," म्हातारी म्हणाली.

"प्रभू, आमची..." या वेळी अर्ध्यांनीच सुरुवात केली आणि तिथंच अडखळले. डोळे उघडले. दारातून माना आत आल्या.

"पाणी," ती तिसऱ्यांदा म्हणाली. आता कुणीच काही म्हटलं नाही. पण उठलंही कुणी नाही. मार्थानं संध्याकडं बघितलं, संध्यानं मार्थाकडं. दोघींच्या नवऱ्यांनी अंगणात एकमेकांकडं बघितलं. मी दीपमालाकडं बघितलं, की ही उठेल. दिवसभर तीच तर उठत होती. ती उठली नाही. ती माझ्याकडं बघत होती. पहिल्या संध्याकाळी चप्पल काढताना जसं बघितलं होतं, तसंच. मंग आता कोण जाणार, हाच तो प्रश्न.

मी माईक खाली ठेवला, तो किंचाळला. म्हातारीच्या हातातून पेला काढून घ्यायला लागले तर ती देईना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. माठातून पाणी घेतलं. तिच्या मानेखाली हात घातला. केस चिकट होते, मान गरम होती. तिनं पाणी प्यायलं, निम्मं माझ्या साडीवर सांडलं, आणि पेल्याची कड दातांनी धरून ठेवली. संतांच्या गोष्टींत अशा वेळी सुगंध सुटतो, किळस पळून जाते. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. वास तो वासच राहिला. मला उमासा आला आणि मी तोंड मिटून तो परत गिळला, कारण हात मोकळा नव्हता.

"गाणं घ्या ना, साखराबाई," मार्था हळूच म्हणाली. "मंग म्हातारीला नेऊ ओसरीत."

"गाणं न्हाई आज," मी म्हणाले. माईक खाली चालूच होता, त्यामुळं हेही बाहेर ऐकू गेलं असेल. "आणि ही कुठं जात न्हाई. कापूस विकला तरी न्हाई, पाळी आली तरी न्हाई. उद्या सकाळी मूर्ती पुढच्या घरी न्या. चहा ठेवलाय, ज्याला प्यायचा त्यानं हातानं घ्या."

चहा कुणी घेतला नाही. चिवडा सगळा उरला. मार्था सगळ्यांत आधी गेली. संध्या दारापर्यंत गेली, परत आली, सांडलेलं पाणी फडक्यानं पुसलं आणि मग गेली. एवढ्यावरून मी तिला माफ केलेलं नाही. लोक गेल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन ओकले.

पुढच्या मिस्साला फादर लिओंनी विचारलं, "गप्प बसता ना, साखराबाई? काही ऐकू येतं का?"

मी म्हणाले, "फादर, गप्प बसायला वेळ कुठं हाय? म्हातारी पेला वाजवती, उठावं लागतं."

दीपमाला पट्टी बदलते, मी पेज करते आणि चादरी धुते. किळस रोज येते, आता ती जाईल अशी मी वाटही बघत नाही. माळ म्हणायला बसावं, पहिली नमो मरिये तोंडात असावी, की दांडीवर पेला वाजतो. "आले गं, आले," असं म्हणत मी माळ पलंगाच्या कोपऱ्याला अडकवते, नाकाला पदर लावते आणि जाते.